आखाजीची घागर आणि बाटली



आज फवारणी नाही, खत नाही. आखाजी आठ दिवसांवर आली, म्हणून हे लिहितोय. काही जणांना पटणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या खान्देशात आखाजीचा मान दिवाळीएवढा. लेकीबाळी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराई बसते. पितरांच्या नावाने नवी घागर भरतो, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतो. म्हणजे या सणाच्या मधोमध आहे काय? मातीच्या भांड्यातलं गार पाणी. आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो त्या दिवसांत, गेलेल्या माणसाला द्यायची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणून जुन्या लोकांनी पाणी निवडलं. आणि त्याच दुपारी आपण जिवंत पाहुण्याच्या हातात काय देतो? पोरांना कोल्ड्रिंक, माणसांना बाटली.

माझं म्हणणं एवढंच आहे. आखाजीचं पेय घरी करा, आपल्या शेतातल्या मालाचं करा, आणि बाटलीला देतो तोच मान त्याला द्या.

आधी माझी चूक सांगतो. आखाजीला सालदाराचं जुनं साल संपतं, नवं ठरतं. हिशोब झाला की मी दर वर्षी कपड्यांसोबत एक खंबा द्यायचो, खुशाली म्हणून. वडील द्यायचे, म्हणून मीही द्यायचो. एका वर्षी नव्या सालाची उचल त्याच रात्री पत्त्यात गेली. पत्ते तो खेळला हे खरं, पण सुरुवात माझ्या बाटलीने झाली होती. पुढच्या आखाजीच्या आधी त्याची बायको आमच्या आईजवळ येऊन बसली. म्हणाली, "माय, त्यास्ले बाटली नका द्या. देनंच व्हई ते तेलना डबा द्या." आईने मला सांगितलं तेव्हा मान वर करवेना.

त्या वर्षी तेलाचा डबा दिला. ओट्यावर बसलेल्या पंधरा-वीस माणसांसाठी पन्हं केलं, स्टीलच्या पेल्यात वाटलं. कोणी हात लावला नाही. "हे पोरांना दे" म्हणाले. पुतणी पुण्याहून आली होती, ती हसली. म्हणाली, "काका, तुम्हीच ते बायका-पोरांचं समजून वाटताय. काचेच्या ग्लासात भरा, पुदिना घाला, वरून सोडा सोडा, आणि पहिला ग्लास आबांच्या हातात द्या. शहरात याचंच मॉकटेल म्हणून दोनशे रुपये घेतात." तसं केलं. आबांनी घोट घेतला, "आजून दे" म्हणाले. मग सगळ्यांनी मागितलं. माल तोच होता. बदललं ते फक्त देणं.

आता कृती सांगतो. तिन्ही आमच्या घरी करून पाहिलेल्या आहेत.

१) पडलेल्या कैरीचं पन्हं. वैशाखातल्या वादळात बांधावरच्या गावरान आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडतो. व्यापारी तो माल घेत नाही. देठ काढून अर्धा तास पाण्यात ठेवा, चीक निघून जातो, नाहीतर तोंड येतं. मार लागलेली कैरी त्याच दिवशी वापरा. झाडाला फवारणी झाली असेल तर औषधाच्या लेबलवर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते बघा. १ किलो कैरी उकडली की साधारण ६०० ग्रॅम गर निघतो. त्यात ३०० ग्रॅम गूळ, भाजलेलं जिरं, काळं मीठ. यात २० ग्लास होतात. ग्लासात दोन मोठे चमचे गर, अर्धं पाणी, वरून साधा सोडा. सोडा शेवटी आणि हळू ओता, मिठामुळे फेस येऊन बाहेर सांडतो.

२) टरबूज-लिंबू. ३ किलोच्या टरबुजाचा दीड लिटरच्या आसपास रस निघतो. बिया गाळून घ्या. दोन लिंबं, ठेचलेला पुदिना, काळं मीठ. अर्धा ग्लास रस, अर्धा सोडा. साखर अजिबात नको. १५ ग्लास होतात.

३) केळी-ताक. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात हे सुचलं नाही तर नवल. व्यापारी मागे टाकतो त्या फणीतली पिकलेली ४ केळी, अर्धा लिटर गोड ताक, वेलची. केळं चिरलं की हवा लागून काळं पडतं, म्हणून लगेच लिंबू पिळा. करून ठेवू नका, अर्ध्या तासात संपवा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याच ओट्यावर केळीचं पेय कोणी पाहिलंय का?

पाणी माठातलंच घ्या. हवा कोरडी असली की माठ चांगला गार होतो, आणि वैशाखात आपल्याकडे हवा कोरडीच असते. बर्फ घ्यायचाच तर खाण्याचा घ्या. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये झाला, तेव्हा लादीचा रंग बघून घ्या.

आता हिशोब. बाजारच्या कोलाच्या २०० मिलीत २१ ग्रॅमच्या आसपास साखर असते. आपल्या पन्ह्यात ग्लासाला १५ ग्रॅम गूळ येतो. फार मोठा फरक नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. गूळ घरचा असला तरी शरीराला ती साखरच. शुगरवाल्या पाहुण्याला टरबुजाचाही छोटाच ग्लास द्या, किंवा सरळ मठ्ठा द्या. खरा फरक पैशात आहे. बाटलीबंद फळपेयात फळाचा रस १० टक्के आणि लिंबाच्या पेयात ५ टक्के असला तरी नियमात बसतं. म्हणजे चित्र आंब्याचं आणि आत बहुतेक साखर-पाणी. आपण आंबा, लिंबू, केळी पडत्या भावात विकतो आणि तेच चित्र महागात विकत आणतो. २० ग्लास पन्ह्याला मला गूळ-सोडा धरून दीडशे रुपयेही लागले नाहीत.

काही पोरं व्हिडिओ बघून घरीच केळीची वाइन लावायला निघतात. आमच्या शेजारी एकाने कॅनचं झाकण घट्ट लावलं, आंबताना गॅस तयार झाला आणि कॅन फुटला. थोडक्यात वाचला. शिवाय परवान्याशिवाय दारू बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, घरची असली तरी. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल बांधवांच्या पूजेत मोहाची धार देवाला पडते, ती त्यांची रीत, तिच्यावर मी बोलणार नाही. आपली रीत घागरीची आहे.

कोणी म्हणेल, वर्षभर राबणाऱ्या माणसाने एक दिवस घेतली तर तुझं काय जातं? त्याच्या पैशाने, त्याच्या मर्जीने घेतली तर माझं काहीच जात नाही. पण मालक म्हणून हिशोबाच्या दिवशी मी ती हातात देतो, तेव्हा त्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या घरचीलाही नाही. मला ते नको आहे.

आता उचल मी नवरा-बायको दोघांसमोर देतो. मागच्या आखाजीला आमचा सालदार दोन ग्लास पन्हं प्यायला, तेलाचा डबा खांद्यावर टाकून घरी गेला. रात्री गावात कुठे बसला असेल तर मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पण उचल घरी पोचली, आणि सकाळी सहाला तो मोटर चालू करायला हजर होता.

यंदा वादळ झालं तर पडलेल्या कैऱ्या ढोरांपुढे टाकू नका. वेचून ठेवा. आणि पहिला ग्लास घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात द्या, बाकीचे आपोआप मागतात.

तुमच्याकडे आखाजीला काय करतात, लिहून कळवा.