चतुर, टाचण्या आणि गुळगुळीत काठ

नाशिकमध्ये कुणाला 'निसर्ग बघायला चाललोय' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, "नांदूरमध्यमेश्वर का? फ्लेमिंगो आले?" २०२० मध्ये ती राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली, तेव्हापासून तर विचारूच नका. हिवाळ्यात तिथे लेन्सांची जत्राच भरते. भरू दे. पण भाद्रपद-आश्विनात आपल्याच कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर जे चालू असतं, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही राव!

मी चतुरांबद्दल बोलतोय. पोरं ज्यांच्या शेपटीला दोरा बांधून 'हेलिकॉप्टर' उडवतात ना, तेच. बसल्यावर पंख आडवे पसरतो तो चतुर. पंख पाठीवर मिटून बसणारी, काडीइतकी बारीक ती टाचणी. (अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरे.) या दिवसांत मैदानावर न बसता गिरक्या घेणारे पिवळसर चतुर दिसले, तर ते बहुधा 'पँटाला फ्लेवेसेन्स'. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. आणि हा प्राणी भारतातून मालदीवमार्गे, वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. व्हिसा नाही, ऑनसाइट अलाउन्स नाही! बालपण मात्र पावसाच्या डबक्यात, डासांच्या अळ्या खाण्यात जातं.

सगळ्यांचं डबक्यावर भागत नाही. बऱ्याच जातींच्या अळ्या शेवटची कात टाकायला पाण्यातून वर, काठावरच्या गवताच्या काडीवर चढतात. सकाळी काडीला रिकामं साल चिकटलेलं सापडतं. टाचण्या तर पाणवनस्पतींच्या देठातच अंडी खुपसतात. म्हणजे आपण ज्याला 'झाडी माजलीय' म्हणतो, तेच यांचं प्रसूतिगृह.

आणि आपण काय करतो? रामकुंड परिसरात गोदेच्या पात्रात ओतलेल्या काँक्रीटवरून नाशिककर भांडतात, ते बुजलेल्या झऱ्यांसाठी. रास्तच आहे. पण त्या भांडणात टाचणीची बाजू कुणी घेत नाही. सिंहस्थासाठी घाट हवेत, कबूल. लोक स्नानाला येणार, पाय घसरता कामा नये. मात्र जिथे कुणी स्नान करत नाही, तिथलाही काठ 'सुशोभीकरण' म्हणून तासायचा, हे मला अजिबात पटत नाही. जॉगिंग ट्रॅक दहा फूट मागे घ्या आणि पाण्यालगतचं गवत राहू द्या. खर्च उलट कमीच येईल.

पटत नसेल तर येत्या रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या गवताळ काठावर जाऊन बघा. लेन्स नको, मोबाइल पुरे. पहाटे उठायचीही गरज नाही. ऊन तापल्याशिवाय ही मंडळी कामाला लागत नाहीत.