एका दिवसात विजापूर

सुट्टी लागली की आपल्या घरांत दोन-तीन नावे ठरलेली असतात. अजमेर, हैदराबाद, हाजी मलंग, फार तर दिल्ली-आग्रा. सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या विजापूरचे नाव क्वचितच निघते. अनेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलेले असते आणि त्यातले 'गोलघुमटात आवाज सात वेळा ऐकू येतो' एवढेच लक्षात राहिलेले असते. मुलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन सकाळी निघून रात्री परत येता येईल असे ठिकाण सुचवा, अशी मागणी या सदराच्या वाचक भगिनी नेहमी करतात. म्हणून या वेळी विजापूर. २०१४ पासून या शहराचे सरकारी नाव विजयपुरा आहे; सोलापूर भागात मात्र अजून सगळे विजापूरच म्हणतात.

आम्ही तीन कुटुंबे मिळून सोलापूरहून मिनीबस केली. फजरची नमाज पढून निघालो आणि ऊन चढायच्या आत गोलघुमटापाशी पोहोचलो. गाइड आधीच ठरवला होता. ओळखपत्र असलेला गाइड घ्यावा, दिवसाचे पैसे आणि पाहायची ठिकाणे अगोदर बोलून घ्यावीत, म्हणजे संध्याकाळी घासाघीस होत नाही. आमचे गाइड साठीच्या पुढचे, दख्खनी बोलणारे. पाच मिनिटांत ते मुलांचे 'चाचा' झाले.

गोलघुमट हा मुहम्मद आदिलशहाचा मकबरा. त्याची कारकीर्द १६२७ ते १६५६. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि एवढ्या मोठ्या घुमटाला आत एकही खांब नाही. हे कसे जमले, ते चाचांनी मुलांच्या वहीत काढून दाखवले. एक चौकोन काढायचा, त्यावर दुसरा चौकोन तिरपा ठेवायचा, म्हणजे आठ टोके तयार होतात. भिंतींतून उठणाऱ्या आठ कमानी अशाच एकमेकींना छेदत वर जातात आणि घुमटाचा भार चारही भिंतींवर वाटून देतात. आमच्यातला नववीतला मुलगा गणिताला कंटाळणारा, पण ती आकृती त्याने स्वतःहून दोनदा काढली.

वर जायला चार कोपऱ्यांत सात मजली मनोरे आहेत. जिने अरुंद आणि पायऱ्या उंच. गुडघेदुखी असलेल्यांनी खालीच थांबावे. आमच्या दोन्ही दादीजान खाली बसल्या आणि त्यांना कंटाळा आला नाही. वरच्या सज्जात पोहोचल्यावर कानात बोटे घालायची पाळी येते. शिट्ट्या, किंकाळ्या, टाळ्या! आमची पोरेही ओरडायच्या बेतात होती. चाचांनी ओठांवर बोट ठेवले. सगळ्यांना एका बाजूला उभे केले, स्वतः समोरच्या टोकाला गेले आणि खिशातला कागदाचा तुकडा हळूच फाडला. तो आवाज जवळपास ३८ मीटर ओलांडून आमच्या कानाशी आला. मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून कुजबुजत सलाम केला, तोही स्पष्ट ऐकू आला. या इमारतीचे कौतुक कुजबुजण्यात आहे, ओरडण्यात नाही. आणि खाली कबरी आहेत. चौथऱ्यावर दिसतात त्या केवळ खुणेच्या. खऱ्या कबरी तळघरात आहेत. बादशहाची असो की फकिराची, कबरीसमोर आवाज खाली ठेवणे हा अदब आपल्या मुलांना आपणच शिकवायचा. म्हणूनच गोलघुमटाला सकाळी लवकर जावे. सहलींच्या बसेस आल्या की कुजबुज ऐकू येणे कठीण.

चौथऱ्यावर सुलतान, त्याच्या दोन बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा यांच्या कबरी दाखवतात. रंभा ही दरबारातली नर्तकी. सुलतानाने तिच्या प्रेमाची परीक्षा पाहायला म्हणून सज्जातून उडी घ्यायला सांगितले आणि तिने खरोखर घेतली, अशी कथा चाचांनी रंगवून सांगितली. आमच्यातली सातवीतली मुलगी शांतपणे म्हणाली, "चाचा, हे कुठं लिहिलंय?" चाचा क्षणभर थांबले आणि हसले. "लिखा नहीं बेटी, सुना है."

त्या एका प्रश्नाने पुढचा सगळा दिवस बदलला. मुलीने वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'लिहिलेले', उजवीकडे 'ऐकलेले'. चाचांना राग आला नाही, उलट गंमत वाटली. पुढे प्रत्येक ठिकाणी तेच सांगू लागले, "ये लिखी बात है, ये सुनी बात." आम्ही मोठ्यांनीही कान टवकारले. कारण जुन्या सुलतानांविषयी आपल्या मुलांच्या कानावर आज जे पडते, त्यातले लिहिलेले किती आणि ऐकलेले किती, हे निवडायची सवय घरात कुणी लावत नाही. शाळेतून येते ते एक, मोबाइलवर येते ते दुसरे, आणि आपल्या बैठकीत अभिमानाने सांगितले जाते ते तिसरे. तिन्हीला हा एकच प्रश्न विचारायला हवा.

तिथून इब्राहीम रोजा. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाचा (कारकीर्द १५८० ते १६२७) हा मकबरा. एकाच उंच चौथऱ्यावर पूर्वेला रोजा, पश्चिमेला मस्जिद आणि मध्ये हौद. बांधणारा मलिक संदल. गोलघुमट आकाराने दिपवतो, रोजा नक्षीने थांबवून ठेवतो. दगडी जाळ्यांत अरबी अक्षरे अशी कोरली आहेत की उजेड अक्षरांमधून आत येतो. 'ताजमहालाची कल्पना इथूनच घेतली' हे वाक्य इथे ऐकायला मिळतेच. मुलीने लगेच वही पुढे केली. रोजा १६२७ च्या सुमारास पुरा झाला, ताजचे काम १६३२ च्या सुमारास सुरू झाले. म्हणजे आधीचे कोणते, हे 'लिहिलेले'च्या बाजूला गेले; कल्पना घेतली, हे 'ऐकलेले'च्या.

या इब्राहीमविषयी आमच्यात चांगलीच चर्चा झाली. त्याला संगीताचा अतोनात नाद. 'किताब-ए-नवरस' हा त्याचा दख्खनीतला गीतसंग्रह. त्यात सरस्वतीची स्तुती आहे आणि गुलबर्ग्याच्या हजरत बंदानवाज गेसूदराज यांचीही. प्रजा त्याला 'जगद्गुरू' म्हणे. आमच्यातल्या एका काकांना हे रुचले नाही. बादशहाने असे लिहिणे अकीद्याला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्यांना यात मोठेपणा दिसला. चाचा म्हणाले, "भाईसाब, हिसाब अल्लाह लेगा. हमारा काम है, जैसा था वैसा बताना." आम्हाला हे पटले. बादशहा हे काही आपले पीर नव्हेत. त्यांच्या प्रत्येक कृत्याचे समर्थन करणे हे आपले कर्तव्य नाही आणि प्रत्येक कृत्याचा जाब देणे हेही नाही.

मराठी वाचकांनी मात्र एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. याच घराण्यातल्या पहिल्या इब्राहीम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) हिशेबाच्या दप्तरात फारसीऐवजी इथली भाषा आणली, आणि आदिलशाहीच्या महसुली कारभारात मराठीला मोठे स्थान मिळाले. घरात दख्खनी आणि कामकाजात मराठी ही आपल्यापैकी अनेकांच्या घरची रीत आजकालची नाही. 'तुम्ही मराठी कसे काय बोलता?' असे कुणी आपल्या मुलाला विचारले, तर त्याला हे उत्तर ठाऊक असावे.

जोहरला आम्ही जामा मस्जिदीत पोहोचलो. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात तिचे काम सुरू झाले. फरशीवर दोन हजारांहून अधिक मुसल्ले आखलेले आहेत. मेहराबीवरची सोनेरी वेलबुट्टी १६३६ सालची. गोलघुमट किंवा रोजा पाहण्याची ठिकाणे झाली आहेत. इथे मात्र आजही पाच वेळची जमात होते, म्हणून इथली हवाच निराळी. आमच्यातले हनफी स्थानिक इमामामागे उभे राहिले, त्यांनी चार रकात पुऱ्या केल्या. मुसाफिराची कसर एकट्याने किंवा मुसाफिर इमामामागे पढताना. एक कुटुंब मूळचे कोकणातले, शाफई. त्यांनी आपल्या मसलकाप्रमाणे जोहर आणि असर जमा केली. मुलांनी विचारले, आम्ही समजावून सांगितले, कुणी कुणाला टोकले नाही. बायकांनी मस्जिदीतल्या लोकांना विचारून बाजूच्या कमानींत नमाज अदा केली. प्रवासात वुजूचे पाणी आणि स्वच्छतागृह हा बायकांचा खरा प्रश्न असतो. गाइड ठरवतानाच हे विचारून घ्यावे, संकोच करू नये.

जेवण आम्ही बरोबर नेले होते. कडक भाकरी, शेंगाची चटणी, सुका खिमा. पाणी भरपूर ठेवा. विजापूरचे ऊन सोलापूरला हसते.

दुपारनंतर मुलुख-ए-मैदान तोफ. वजन सुमारे ५५ टन. ही तोफ आपल्या अहमदनगरची! १५४९ मध्ये निजामशाहीत मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापुरात आणली गेली. १८५४ मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली तेव्हा दीडशे रुपयांची बोली आली. सुदैवाने तो लिलाव रद्द झाला. अहमदनगरहूनच आणखी एक व्यक्ती विजापुरात आली होती, चांदबीबी. हुसेन निजामशहाची मुलगी, पहिल्या अली आदिलशहाची बेगम. पती गेल्यावर लहानग्या दुसऱ्या इब्राहीमच्या वतीने तिने कारभार पाहिला आणि नंतर १५९५ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवला. आमच्या मुलींना रंभेपेक्षा ही कथा अधिक आवडली, आणि ती डाव्या बाजूची आहे.

गगन महालाच्या प्रचंड कमानीखाली नववीतल्या मुलाने विचारले, "औरंगजेब मुसलमान, सिकंदर आदिलशहाही मुसलमान. मग लढाई कशासाठी?" १६८६ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर औरंगजेबाने विजापूर घेतले आणि आदिलशाही संपली. चाचांनी एका शब्दात उत्तर दिले, "तख्त." याच आदिलशाहीत शहाजीराजे भोसले सरदार होते. दोन्हीकडच्या फौजांत दोन्ही धर्मांची माणसे असत. हे मुलांना अशा जागी उभे करून सांगितले की फार समजावावे लागत नाही.

आसार महाल मुहम्मद आदिलशहाने न्यायदानासाठी बांधला. पुढे तिथे मू-ए-मुबारक ठेवण्यात आले. इथे शाही ग्रंथसंग्रहही होता. एकोणिसाव्या शतकात त्यातली हस्तलिखिते लंडनला गेली. तोफ राहिली आणि किताबे गेली, असे आमच्यातल्या मास्तरांनी म्हटले, तेव्हा कुणी काही बोलले नाही. शेवटी बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाचा हा मकबरा १६७२ मध्ये तो वारला तेव्हा अपुराच होता. काळ्या दगडाच्या उघड्या कमानी, वर आकाश. तो का अपुरा राहिला याच्या तीन कथा चाचांनी सांगितल्या, तिन्ही उजव्या बाजूला गेल्या.

एक गोष्ट दिवसभर खुपत राहिली. कितीतरी भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावे आणि बदाम. नावे सर्व धर्मांची, आपलीही. संरक्षित वास्तू विद्रूप करणाऱ्याला कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायद्याआधी घरातली शिकवण. ज्या वास्तूंना आपण 'आपला वारसा' म्हणतो, त्या जपण्यात तरी आपण पुढे असावे.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. रविवार टाळता आला तर उत्तम. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तिकीट लागत नाही. गोलघुमटासमोरच्या नक्कारखान्यात संग्रहालय आहे. त्याची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या. चपला काढाव्या लागतात, म्हणून मोजे न्या, दुपारी फरशी भाजते. ठिकाणे सहा-सातपेक्षा जास्त धरू नका. जिथे कबरी आहेत तिथे फोटो काढण्यापूर्वी सलाम करा, मगफिरतची दुआ करा. आणि मुलांच्या हातात मोबाइलऐवजी एक वही द्या, मधोमध रेघ ओढलेली.