छापा की कमळ?

यंदा लक्ष्मीपूजनाच्या ताटावरून आमच्या अंबरनाथच्या घरात मोठा पेच पडला. ताटात दरवर्षी राणीछाप रुपया असतोच: तोळाभर वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा, डावीकडे पाहणाऱ्या व्हिक्टोरियाचा. १९४२ साली तुरुंगात जाऊन आलेले आमचे आजोबा त्या ताटासमोर पुन्हा कधी बसले नाहीत. "राणीला कोण पुजतंय? आपण चांदीला पुजतो," हे आजीचे ठरलेले उत्तर!

यंदा भाच्याने लंडनहून पाच पौंडांचे नाणे पाठवले. ब्रिटनच्या रॉयल मिंट टांकसाळीने २०२१ च्या दिवाळीत गांधीजींच्या स्मरणार्थ काढलेले. एका बाजूस उजवीकडे पाहणारी एलिझाबेथ, दुसरीकडे कमळ आणि गांधीजींचे वचन. तिकडचा रिवाजच तसा. स्मरण कुणाचेही असो, छापा गादीवरच्या धन्याचा.

वर कोणती बाजू ठेवावी? चिरंजीव म्हणाले, "राणीच वर, छापा आहे ना!" मी गप्प. सौभाग्यवतीने नाणे उलटवले आणि कमळावर हळदकुंकू वाहिले.

"लक्ष्मी बसणार कशावर? राणीच्या डोक्यावर की कमळावर?"

आजोबा असते, तर यंदा ताटासमोर बसले असते.