सत्याची काटकसर

ज्याला मुखवट्याचीही गरज वाटत नाही, अशा असत्यास सामान्य इंग्रज माणूस 'उघड्या चेहऱ्याचे खोटे' म्हणतो. आपल्या 'धडधडीत खोटे' या प्रयोगाचाच तो भाऊबंद. राज्यकर्त्यांच्या कोशात मात्र हे शब्द आढळावयाचे नाहीत. १९८६ साली सिडनीच्या न्यायालयात ब्रिटनचे मंत्रिमंडळ सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांची उलटतपासणी झाली, तेव्हा आपले पत्र खोटे नसून त्यात 'सत्याच्या बाबतीत काटकसर' असल्याचे त्यांनी सांगितले. काटकसर हा तर सद्‌गुण! तेव्हापासून हा वाक्प्रचार इंग्रजीत उपहासाने रूढ आहे.

परंतु या सभ्यपणाची किंमत कोण मोजतो? जुलै २०२१ मध्ये डॉन बटलर या खासदारबाईंनी, पंतप्रधान जॉन्सन वारंवार खोटे बोलले, असे कॉमन्स सभागृहात म्हटले. शब्द मागे न घेतल्यामुळे त्यांना त्याच दिवशी बाहेर जावे लागले. टाळेबंदीतील मेळाव्यांविषयी जॉन्सन यांनी सभागृहाची हेतुपुरस्सर दिशाभूल केली, हा विशेषाधिकार समितीचा निष्कर्ष यावयास जून २०२३ उजाडला. नव्वद दिवसांच्या निलंबनाची शिफारस आपण केली असती, असे समितीने नमूद केले. पण तोवर जॉन्सन खासदारकी सोडून मोकळे झाले होते.