आधी तटबंदी, मग आतषबाजी

अमेरिकन फुटबॉलमध्ये टाळ्या चेंडू झेलणाऱ्याला. फेकणाऱ्याचे रक्षण करणारे मात्र अनामिकच. २०२१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, सिनसिनाटी बेंगल्सने ५व्या क्रमांकावर रक्षक पेनाय सूएलऐवजी झेल घेणारा जमार चेस निवडला. आदल्याच मोसमात त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो गुडघा दुखावून मैदानाबाहेर गेला होता. चेसने मोसम गाजवला, हे आम्हां चाहत्यांना मान्यच. परंतु फेब्रुवारी २०२२च्या सुपर बोलमध्ये बरो चेंडूसह ७ वेळा पाडला गेला आणि संघ २०-२३ असा हरला. आक्रमणाचे सौंदर्य आम्हांलाही मोहविते. तथापि फेकणाऱ्याला उसंतच नसेल, तर झेलणाऱ्याचे कौशल्य सार्थकी लागावे कसे?