मुन्नाभाई पाहिला, पण बापू कुटी?

उन्हाळ्यात हॉस्टेलवर थांबलेल्या आम्हा पाच जणांचे दोनच उद्योग : रात्री सिनेमा अन् पहाटे भटकंती. एका रात्री लॅपटॉपवर 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) पाहिला. हसून हसून पोट दुखलं. सकाळी एक जण म्हणाला, "अबे, वर्ध्यात राहून सेवाग्राम नाही पाहिलं आपण!" जेमतेम ८ किलोमीटर. काढल्या सायकली.

गांधीजी इथे १९३६ साली राहायला आले. बापू कुटी माती, बांबू अन् कवेलूंची. उतरतं छप्पर, बाजूला ओसरी, त्यामुळे भिंतींवर थेट ऊन येत नाही. भर मे महिन्यात आत गार वाटलं. आमच्या सिमेंटच्या खोलीत तर रात्री अकरालाही भिंती भाजतात!

माझं मत विचाराल तर सिनेमा झकासच. पण त्यातले बापू लकी सिंगला फुलं पाठवायला शिकवतात, सेवाग्रामचे बापू घर कसं बांधावं ते शिकवतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना हा दुसरा धडा जास्त गरजेचा. पेपरात काँक्रीट दरवर्षी येतं, मातीच्या भिंतीवर प्रश्न कधी आलाय?

मित्रांनो, सिनेमे जरूर पहा. पण एखाद्या दुपारी त्या कुटीपाशी दोन मिनिटं बसूनही या.