हॉलंडला निघालात? उतरतानाही कार्ड लावा!



फुलशेती, हरितगृहे आणि गोठे पाहायला आपल्याकडील शेतकरी हॉलंडला, म्हणजेच नेदरलँड्सला, जातात. दौऱ्याची गाडी असतेच, पण मोकळ्या दिवशी आपले आपणच फिरावे लागते. त्यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. तेथे २०२३ पासून रेल्वे, बस, ट्राम सगळीकडे बँकेचे कार्ड यंत्राला लावून प्रवास करता येतो. व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालते. आपले कार्ड रुपे असेल, तर निघण्यापूर्वी बँकेत विचारा. कार्डाचा परदेशातील वापरही आधीच सुरू करून घ्या.

२. माणशी वेगळे कार्ड हवे. नवरा-बायकोला एका कार्डावर जाता येत नाही.

३. चढताना लावलेले तेच कार्ड उतरतानाही लावायचे. एस.टी.त एकदा तिकीट काढले की काम संपते. आपली सवय तीच. मी पहिल्याच दिवशी विसरलो आणि भाड्याहून जास्त पैसे कापले गेले. पुढे आम्ही उतरताना एकमेकांना विचारू लागलो, "कार्ड लावलं का?"

४. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा. लालसर पट्टा सायकलींचा असतो. सायकल आवाज न करता वेगाने येते. फोटोसाठी तेथे उभे राहू नका.

पैसा गेला तर पुन्हा मिळवता येईल. हातपाय मात्र धड घरी आणा.